भुईमुगाचे दारिद्र्य, धानाची श्रीमंती आणि मोहाडीची बांधी : पिकांची विविधता मोजणार कोण?

(१/२६)
मोहाडी हा भंडारा जिल्ह्यातील, वैनगंगेच्या खोऱ्यातला धानाचा तालुका. भुईमूग हे येथील मुख्य पीक नव्हे. तरीही पिकांच्या वाणांतील जनुकीय विविधता मोजण्याच्या शास्त्राचा इतिहास समजून घ्यायचा असेल, तर भुईमूग आणि मोहाडीचे धान शेजारी ठेवून पाहावे. एक पीक जन्मतःच विविधतेने दरिद्री, दुसरे अतिशय संपन्न. दरिद्री पिकासाठी शास्त्रज्ञांनी जग पालथे घातले. संपन्न पिकाची संपत्ती मात्र आपण दोन-तीन पिढ्यांत उधळत आणली. या धाग्यात त्याची कारणे आणि त्यावरचे एक मत.

(२/२६)
प्रथम भुईमूग. त्याचे मूळ दक्षिण अमेरिकेत, दक्षिण बोलिव्हिया आणि वायव्य अर्जेंटिना यांच्या परिसरात. तेथे सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी अरॅकिस ड्युरानेन्सिस आणि अरॅकिस इपाएन्सिस या दोन रानटी जातींचा संकर झाला. दोघींची गुणसूत्रे प्रत्येकी २०. संकरानंतर ती दुप्पट झाली आणि ४० गुणसूत्रांचे नवे रोप जन्मले. आपण खातो तो भुईमूग हा त्याचाच वंश. या दोन्ही रानटी पूर्वजांचा जनुकीय आराखडा २०१६मध्ये प्रसिद्ध झाला आणि ही वंशावळ पक्की झाली.

(३/२६)
या जन्मकथेतच दारिद्र्याचे मूळ आहे. गुणसूत्रांची संख्या बदलल्यामुळे नवे रोप आपल्या रानटी नातलगांपासून तुटले. ४० गुणसूत्रांचा भुईमूग आणि २० गुणसूत्रांची रानटी जात यांचा संकर केला, तर संतती ३० गुणसूत्रांची आणि बहुधा वांझ निघते. म्हणजे एका दुर्मिळ संकरातून जी काही शिदोरी मिळाली, तेवढ्यावरच पुढची हजारो वर्षे काढायची. दाण्याचा आकार, सालीचा रंग, उपटी वा पसरी वाढ यांत भुईमुगाचे वाण वेगवेगळे दिसतात. आत मात्र ते एकमेकांच्या फार जवळचे असतात.

(४/२६)
भारतात भुईमूग पोर्तुगीजांच्या काळात, सागरी व्यापारातून आला असे सामान्यतः मानले जाते. मराठीने त्याला आपल्या मुगाशी नाते जोडून नाव दिले : भुईतला मूग. तमिळमध्ये त्याला ‘मणिला कोट्टै’ असेही नाव आहे. त्यात फिलिपिन्सच्या मार्गाची खूण उरली आहे. नावांतला हा फरक वाटांचा आहे. पण कोणत्याही वाटेने आले तरी परदेशातून येणारे बियाणे मूठभरच असते, आणि मूठभर बियाण्यात मूळ प्रदेशाच्या विविधतेचा अंशच येतो.

(५/२६)
त्याचा परिणाम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दिसला. १८९०च्या दशकात मुंबई आणि मद्रास या दोन्ही इलाख्यांत भुईमुगाचे क्षेत्र झपाट्याने घसरले. रोग आणि बियाण्याचा ऱ्हास ही कारणे तेव्हा दिली गेली. उपाय म्हणून पुन्हा परदेशाकडेच पाहावे लागले. मद्रासकडे मॉरिशसमार्गे आलेले बियाणे पसरले, तर मुंबई इलाख्यात ‘स्पॅनिश’ आणि ‘जपानी’ नावांचे वाण आले. खानदेशातील भुईमुगाचा पुढचा विस्तार या नव्या बियाण्याच्या आधारावर झाला.

(६/२६)
हीच रीत पुढेही टिकली. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राचा जेएल-२४, म्हणजे ‘फुले प्रगती’, महाराष्ट्रात घराघरांत पोहोचला. तो तैवानहून आलेल्या बियाण्यातून निवडलेला. लवकर येणारा हा वाण पुढे आफ्रिकेतही गेला. मलावीत तो ‘काकोमा’ या नावाने ओळखला जातो. तैवान, जळगाव, मलावी असा हा प्रवास पाहिला की ‘देशी’ आणि ‘विदेशी’ हे शब्द किती अपुरे आहेत ते समजते. बियाण्याचा इतिहास हा देवाणघेवाणीचा इतिहास आहे. प्रश्न असतो तो देणाऱ्याची नोंद राहते का, एवढाच.

(७/२६)
जेथे निवडायला फारसे काही नव्हते, तेथे विविधता निर्माण करावी लागली. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ‘स्पॅनिश इम्प्रूव्ह्ड’ या वाणावर क्ष-किरणांचा मारा करून उत्परिवर्तने मिळवली गेली. त्यातून टीजी-१ हा वाण १९७३मध्ये ‘विक्रम’ या नावाने आला. त्याच परंपरेत भाभा केंद्र आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांच्या सहकार्याने टीएजी-२४ आला. टी म्हणजे ट्रॉम्बे, ए म्हणजे अकोला. विदर्भात उन्हाळी भुईमूग घेणाऱ्याला हे नाव वेगळे सांगावे लागत नाही.

(८/२६)
दुसरा मार्ग आणखी अवघड होता : तुटलेल्या रानटी नातलगांशी पुन्हा नाते जोडण्याचा. बोलिव्हियातील अरॅकिस कार्डेनासी या रानटी जातीचा लागवडीच्या भुईमुगाशी संकर अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना येथे १९६०च्या दशकात घडवला गेला. वांझ संततीची गुणसूत्रे दुप्पट करून तिला फलनक्षम केले. पुढे त्या वंशातील रोपे हैदराबादजवळ पाटणचेरू येथील इक्रिसॅट या संस्थेपर्यंत पोहोचली आणि तेथून जगभर. धारवाडच्या जीपीबीडी-४ या वाणातील तांबेरा आणि टिक्का रोगांविरुद्धची ताकद याच रानटी पूर्वजाची. आज दोनशेहून अधिक वाणांत त्याचा अंश सापडला आहे.

(९/२६)
म्हणून विविधता मोजणे हा भुईमुगासाठी जगण्याचा प्रश्न ठरला. इक्रिसॅटच्या बियाणे कोठारात भुईमुगाचे सुमारे १५ हजार नमुने आहेत. इतके नमुने दरवर्षी शेतात लावून तपासणे अशक्य. म्हणून २००२-०३च्या सुमारास त्यांतून १,७०४ नमुन्यांचा ‘गाभा संग्रह’ आणि त्यातूनही १८४ नमुन्यांचा ‘लघु गाभा संग्रह’ निवडला गेला. मूळ संग्रहातील बहुतेक विविधता शंभरातल्या एका नमुन्यात पकडायची, ही त्यामागची कल्पना. पैदासकाराने आधी या १८४ दारांवर थाप मारावी, मग गरज पडल्यास पुढे जावे.

(१०/२६)
ही निवड होते कशी? पूर्वी, आणि आजही, पहिली पायरी शेतातली असते. फुलोऱ्याला लागणारे दिवस, झाडाची उंची, शेंगांची संख्या, शंभर दाण्यांचे वजन, तेलाचे प्रमाण अशा गुणांची नोंद करायची आणि कोणता वाण कोणापासून किती दूर आहे हे काढायचे. दूरच्या गटांतून आई-बाप निवडले, तर संततीत नवे मिश्रण मिळण्याची शक्यता वाढते. हे ‘दूर’ मोजण्यासाठी भारतातील कृषी विद्यापीठांत सर्वाधिक वापरले गेलेले माप म्हणजे महालनोबिस यांचे डी-वर्ग.

(११/२६)
या मापाचा जन्म शेतात झाला नाही, हे इतिहासाच्या वाचकाने लक्षात घ्यावे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९२०च्या दशकात कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरमापांचा अभ्यास केला. दोन मानवसमूह एकमेकांपासून किती वेगळे, हा तेव्हाच्या मानवशास्त्राचा प्रश्न होता. त्यातून विकसित झालेले सूत्र १९३६मध्ये प्रसिद्ध झाले. माणसांची प्रतवारी करण्याच्या वसाहतकालीन हव्यासाच्या सावलीत तयार झालेले हे हत्यार पुढे धान, ज्वारी आणि भुईमूग यांच्यासाठी कामी आले. आज माणसांबाबत ते वर्गीकरण आपण संशयाने पाहतो. वाणांबाबत मात्र तसा संशय कोणी घेत नाही.

(१२/२६)
घ्यायला हवा. सूत्रात दोष नाही. प्रश्न त्यात काय घालायचे याचा आहे. ज्या गुणांची यादी केली, त्याच गुणांची विविधता दिसते. यादीत उंची, ओंब्या आणि उत्पादन असेल, तर त्या दृष्टीने सारखे दिसणारे दोन वाण एका गटात पडतात. मग त्यांतला एक शिजल्यावर संध्याकाळपर्यंत मऊ राहतो आणि दुसरा तासाभरात कडक होतो, हा फरक कागदावर उरत नाही. यादी कोणी केली, हा प्रश्न येथे सुरू होतो. आणि येथेच मोहाडी येते.

(१३/२६)
भंडारा हा तलावांचा जिल्हा. मालगुजारीच्या काळातील हे तलाव आज ‘मामा तलाव’ म्हणून ओळखले जातात. मामा म्हणजे माजी मालगुजारी. त्यांच्या बांधणीत कोहळी समाजाचे कौशल्य विख्यात आहे. जमिनींनाही येथे नेमकी नावे आहेत : कन्हार, मोरंड, खर्डी, सिहार, बरडी. वरच्या अंगाच्या, पाणी लवकर सोडणाऱ्या बांधीत हलके धान. तलावाखालच्या, पाणी धरून ठेवणाऱ्या बांधीत भारी धान. जमीन, पाणी आणि दिवस या तिन्हींचा हिशेब घालून वाण निवडला जाई. एकाच शेतकऱ्याकडे दोन-तीन वाण असणे ही हौस नव्हती. तो पावसाविरुद्धचा विमा होता.

(१४/२६)
चिन्नोर, काळी कमोद, लुचई, हिरानक्की, दुबराज : पूर्व विदर्भ आणि लगतच्या छत्तीसगडच्या धानपट्ट्यातली ही काही नावे. प्रत्येक नावामागे निवडीचा एक इतिहास आहे. कापणीच्या वेळी चांगल्या लोंबी बाजूला काढणे, पुंजणे रचण्यापूर्वी बियाणे वेगळे ठेवणे, भेसळ दिसली की उपटून टाकणे, दुसऱ्या गावातल्या सोयऱ्याकडून पायलीभर बी बदलून आणणे, हीच ती निवड. पैदासशास्त्राच्या पुस्तकात तिला ‘समूह निवड’ म्हणतात. घरातील बायका बियाण्याची राखण करीत, तेव्हा त्याही हेच शास्त्र चालवीत होत्या. त्यांच्या नोंदी वहीत नव्हत्या, एवढाच फरक.

(१५/२६)
धानाच्या बाबतीत या निवडीला भुईमुगासारखी जन्मजात मर्यादा नव्हती. धान आशियातलेच, त्याचे रानटी नातलग आजही नाल्यांच्या आणि तलावांच्या काठी उगवतात आणि लागवडीच्या धानाशी त्यांचा संकर सहज होतो. हजारो वर्षे, हजारो बांधींत, हे मिश्रण आणि निवड चालू राहिली. भुईमुगासाठी शास्त्रज्ञांनी क्ष-किरण आणि बोलिव्हियाची जंगले वापरून जे मिळवले, ते धानाला येथे बसल्या जागी मिळत होते.

(१६/२६)
या संपत्तीचे मोल ओळखणारे एक मोठे नाव राधेलाल रिछारिया यांचे. ते १९५९मध्ये कटकच्या केंद्रीय तांदूळ संशोधन संस्थेचे संचालक झाले. परदेशी बुटके वाण पुरेशी रोगतपासणी न करता आणू नयेत, अशी त्यांची भूमिका होती. त्या संघर्षात त्यांना पद सोडावे लागले. पुढे १९७०च्या दशकात रायपूरला त्यांनी मध्य प्रदेशातील, विशेषतः छत्तीसगडमधील, धानाचे १७ हजारांहून अधिक नमुने गोळा केले. नमुन्यासोबत गाव, स्थानिक नाव आणि शेतकऱ्याने सांगितलेले गुण यांची नोंद ठेवण्यावर त्यांचा भर होता.

(१७/२६)
येथे सीमेचा इतिहास महत्त्वाचा ठरतो. भंडारा, बालाघाट आणि छत्तीसगड हा दीर्घकाळ मध्य प्रांताचा भाग. १८६७मध्ये बालाघाट जिल्हा घडवला गेला, तेव्हा त्यात भंडाऱ्याचाही काही भाग गेला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत भंडारा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, बालाघाट आणि रायपूर मध्य प्रदेशात राहिले. धानाचा पट्टा एकच, पण संशोधन संस्था, विद्यापीठे आणि संग्रह यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. रिछारियांनी संग्रह केला तो सीमेच्या पलीकडच्या राज्यासाठी. मोहाडीच्या बांधीतल्या वाणांना तसा रिछारिया लाभला नाही.

(१८/२६)
या सीमेची खूण आजही दिसते. ‘बालाघाट चिन्नोर’ला २०२१मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि नंतर ‘भंडारा चिन्नोर’लाही. एका जुन्या धानप्रदेशातील एकाच नावाच्या सुवासिक तांदळाला दोन राज्यांची दोन प्रमाणपत्रे. मानांकनाने शेतकऱ्याला भाव मिळत असेल तर ते स्वागतार्हच. पण त्यात एक धोका आहे. मानांकनाला ‘खरा’ चिन्नोर कोणता हे ठरवावे लागते. गावोगावच्या चिन्नोरमध्ये थोडाथोडा फरक होता, आणि तो फरकच विविधता होती. एकच शुद्ध वाण प्रमाण मानून बाकीचे भेसळ ठरवले, तर चिन्नोरचे नाव वाचेल आणि चिन्नोरची विविधता जाईल.

(१९/२६)
दुसऱ्या बाजूचे म्हणणे प्रामाणिकपणे ऐकले पाहिजे. १९६६मध्ये आयआर-८ आणि त्यानंतर लवकरच ‘जया’ हे बुटके वाण आले, तेव्हा देश परदेशी धान्याच्या जहाजांकडे डोळे लावून बसला होता. उंच देशी धान खत जास्त पडले की लोळते. बुटके धान ते पचवून दाणे देते. ज्याच्याकडे दोन एकर बांधी आणि डोक्यावर कर्ज आहे, त्याने कमी उत्पादनाचा वाण केवळ वारसा म्हणून जपावा, असे शहरात बसून सांगणे हा उद्धटपणा आहे. हमीभावाच्या खरेदी केंद्रावर क्विंटल मोजले जातात. सुवास, चव आणि तणसाची प्रत मोजली जात नाही. शेतकऱ्याने जे निवडले ते शहाणपणानेच निवडले.

(२०/२६)
पण त्या शहाणपणाची किंमत सगळ्यांनी मिळून भरायची आहे, हेही तितकेच खरे. बुटकेपणाचे जनुक बहुतेक नव्या वाणांत एकाच स्रोतातून आले. ‘डी-जी-वू-जेन’ हा तैवानमधील वाण आयआर-८चा एक पालक. शेजारच्या सर्व बांधींत एकमेकांचे भाऊबंद उभे असले, की एकाला लागलेली कीड सर्वांना लागते. पूर्व विदर्भात गादमाशी आणि तुडतुडे यांनी शेतकऱ्यांना वारंवार ते शिकवले आहे. फवारणीचा खर्च हा विविधता गमावल्याच्या बिलाचाच एक भाग मानला पाहिजे.

(२१/२६)
शिवाय उद्या कोणता वाण लागेल हे आज कोणालाच सांगता येत नाही. धानावरील ‘ग्रासी स्टंट’ या विषाणूरोगाविरुद्ध प्रतिकार शोधताना आंतरराष्ट्रीय तांदूळ संशोधन संस्थेने सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. उपयोगी पडला तो उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या ओरायझा निवारा या रानटी धानाचा एक नमुना. ओडिशातील एका स्थानिक वाणातून निवडलेल्या एफआर-१३ए या धानाने पुरात दोन आठवडे बुडून जगण्याचे जनुक दिले आणि त्यावरून २००९मध्ये ‘स्वर्णा-सब१’ आला. दोन्ही नमुने गोळा करताना त्यांचे हे मोल कोणाला ठाऊक नव्हते.

(२२/२६)
आता श्रेयाचा प्रश्न. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी रामाजी खोब्रागडे. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन जेमतेम दीड एकर. १९८३मध्ये ‘पटेल-३’ या धानाच्या उभ्या पिकात त्यांना काही वेगळ्या लोंबी दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या ठेवल्या, पुन्हा पेरल्या, वर्षानुवर्षे निवडल्या. त्यातून बारीक दाण्याचा, चवदार वाण तयार झाला. तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून त्याला ‘एचएमटी’ हे नाव पडले. आज विदर्भाबाहेरही दुकानात ‘एचएमटी तांदूळ’ मागणाऱ्या कितीजणांना हा माणूस ठाऊक आहे?

(२३/२६)
१९९४मध्ये सिंदेवाहीच्या संशोधन केंद्राने दादाजींकडून पाच किलो बियाणे नेले. १९९८मध्ये ‘पीकेव्ही-एचएमटी’ हा वाण प्रसारित झाला. बियाण्याचे शुद्धीकरण आणि चाचण्या हे संस्थेचे काम होते आणि त्याचेही मोल आहे. पण मूळ निवड कोणाची, यावरून दादाजींची तक्रार कायम राहिली. २००५मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार त्यांना मिळाला. नांदेड चेन्नूर, नांदेड हीरा, डीआरके असे आणखी वाण त्यांनी दिले. ३ जून २०१८ रोजी ते गेले, तेही आर्थिक ओढगस्तीत. जनुकीय विविधता ओळखण्यासाठी त्यांच्यापाशी ना सूत्र होते ना प्रयोगशाळा. नजर होती, आणि वर्षानुवर्षे वाट पाहण्याची तयारी.

(२४/२६)
कायदा या बाबतीत मुका नाही. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१चा. त्यानुसार शेतकऱ्याने विकसित केलेला वाणही नोंदवता येतो, आणि संवर्धन करणाऱ्या समूहांचा सन्मान व मोबदला यांची तरतूद आहे. २००२मध्ये रायपूरच्या धान संग्रहाबाबत एका बहुराष्ट्रीय कंपनीशी विद्यापीठाची बोलणी सुरू होती; लोकांच्या विरोधामुळे ती थांबली. महाराष्ट्र सरकारने २०२२मध्ये ‘महाराष्ट्र जनुक कोश’ या पाच वर्षांच्या प्रकल्पासाठी १७२ कोटी रुपये मंजूर केले; त्यात स्थानिक पीकवाणांचाही समावेश आहे. साधने आहेत. ती तालुक्यापर्यंत कोणत्या रूपात पोहोचतात यावर सारे अवलंबून आहे.

(२५/२६)
म्हणून मागण्या चार. एक : वाणांच्या प्रत्येक मूल्यमापनात गाव, स्थानिक नाव आणि जपणाऱ्याचे वर्णन हे रकाने सक्तीचे असावेत; चव, तणस, शिजण्याची रीत हे गुण यादीत यावेत आणि ते ठरवताना स्त्रियांना विचारावे. दोन : गोळा केलेले बियाणे शीतगृहात ठेवताना त्याची एक प्रत तालुक्यात परत यावी, म्हणजे ते दरवर्षी पेरले जाईल आणि बदलत्या पावसाशी जुळवून घेत राहील. तीन : स्थानिक वाण काही बांध्यांत राखणाऱ्याला त्याच्या घटलेल्या उत्पादनाची भरपाई मिळावी, विम्याचा हप्ता एकट्याने का भरावा? चार : मानांकनाच्या निकषांत एका वाणाऐवजी वाणकुळाला जागा असावी.

(२६/२६)
१९४१ ते १९४४च्या वेढ्यात लेनिनग्राडच्या बियाणे संग्रहात काम करणारे शास्त्रज्ञ उपासमारीने मेले, पण नमुन्यांना त्यांनी हात लावला नाही. त्यांत धानाचे तज्ज्ञ दिमित्री इवानोव होते आणि भुईमुगाचे अलेक्झांडर शुकिनही. त्या त्यागाचे स्मरण जगभर होते आणि व्हायलाच हवे. मोहाडीत आणि आसपासच्या गावांत, खरेदी केंद्रावर विकले न जाणारे धान एका बांधीत वर्षानुवर्षे राखणाऱ्याकडे कोणी वेढा घातलेला नाही. त्याच्याकडे कोणी फिरकलेलेच नाही. या रोवणीपूर्वी कोणी जाऊन त्याच्या पऱ्ह्यांची नावे लिहून घेतली, तर विविधतेचे मूल्यमापन तेथूनच सुरू होईल. (समाप्त)